खाडीच्या दोन तीरांवर एकच चॅनेल

दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यातल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) आणि त्यांच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये मी बिनतारी ब्रॉडबँडची लहानशी सेवा चालवतो. खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात, हाच व्यवसाय करणारे दुसरे एक सेवादाते आहेत. ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावरून आमच्या दोघांत जो वाद झाला, तो कोणकोणत्या दारांवरून फिरून आला आणि अखेर कसा सुटला, त्याची ही हकीकत आहे. ती लिहिण्याचे कारण असे की, या व्यवसायात उतरू पाहणारे तरुण माझ्याकडे चौकशीला येतात तेव्हा त्यांचे सगळे प्रश्न अर्जाविषयी, शुल्काविषयी आणि बँक हमीविषयी असतात. हवेत शेजारी कोण आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

परवान्याचा भाग त्या मानाने सरळ आहे. २०१३ पासून इंटरनेट सेवेचा परवाना एकीकृत परवान्याखाली मिळतो आणि त्यात तीन वर्ग आहेत : 'अ' वर्ग संपूर्ण देशासाठी, 'ब' वर्ग एका दूरसंचार परिमंडळासाठी (साधारण एका राज्यासाठी) आणि 'क' वर्ग साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. माझा परवाना 'क' वर्गाचा. अर्जदार कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असावी लागते, त्यामुळे आधी कंपनी स्थापन करणे आले. मग 'सरल संचार' या संकेतस्थळावर अर्ज, कागदपत्रांतल्या शंकांना उत्तरे, इरादापत्र, बँक हमी आणि करारावर सही, या क्रमाने वीस वर्षांचा परवाना हाती येतो. मला खरा वेळ लागला तो दिल्लीच्या कागदांना नव्हे, तर सड्यावरच्या चार गुंठे जागेला. कोकणातल्या सातबाऱ्यावर एका जागेचे किती सहहिस्सेदार असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. कोणी परळला, कोणी डोंबिवलीला, एक तर बडोद्याला. सगळ्यांच्या संमत्या गोळा होऊन ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि महावितरणची जोडणी मिळेपर्यंत परवान्यावरची शाई जुनी झाली होती.

आता मुद्द्याकडे येतो. हा परवाना सेवा विकण्याचा आहे. रेडिओ लहरींवर तो कोणताही हक्क देत नाही. लहरी मिळवण्याचे मार्ग वेगळे आहेत. मोबाइल कंपन्या लिलावात पट्टे विकत घेतात. २०१० साली बिनतारी ब्रॉडबँडसाठी झालेल्या लिलावात २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी एकाच कंपनीने देशातल्या सर्व बावीस परिमंडळांकरिता बारा हजार आठशे कोटी रुपयांहून अधिक बोली लावली होती. त्यांच्या मनोऱ्यांमधल्या मायक्रोवेव्ह दुव्यांना दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून, म्हणजे डब्ल्यूपीसीकडून, ठरावीक वारंवारता नेमून मिळतात आणि त्यांत कोणी घुसले तर तक्रारीला आधार असतो. आमच्यासारख्यांना उरतो तो परवानामुक्त पट्टा. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असा मुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला काही भाग त्याच वर्षी केवळ घरातल्या वापरासाठी खुला झाला, २००७ साली ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी उघड्यावर वापरायला मिळाली, आणि ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असे मिळून सहाशे मेगाहर्ट्झहून अधिक जागा घरात आणि बाहेर दोन्हीकडे मोकळी झाली. किनाऱ्यावरचे बहुतेक लहान सेवादाते याच अधिसूचनेवर उभे आहेत.

मात्र या मोकळीकीला तीन अटी जोडलेल्या आहेत आणि वादाचे मूळ त्यांतच आहे. आपल्या वापराने दुसऱ्याला व्यत्यय होता कामा नये; आपल्याला व्यत्यय झाला तर संरक्षण मिळणार नाही; आणि पट्टा कोणा एकाच्या मालकीचा असणार नाही. त्यातही, परवानाधारक यंत्रणेने व्यत्ययाची तक्रार केली तर मुक्त पट्ट्यातल्या माणसाने जागा बदलावी, शक्ती कमी करावी किंवा वेगळ्या प्रकारची अँटेना लावावी, आणि तेही जमले नाही तर यंत्र बंद करावे, असा क्रम नियमात दिलेला आहे. परंतु व्यत्यय आणणारा आणि सोसणारा असे दोघेही मुक्त पट्ट्यातलेच असतील तर पहिले पाऊल कोणी मागे घ्यायचे, याविषयी नियम गप्प आहेत. आमचा वाद नेमका तिथलाच.

माझा मुख्य दुवा गुहागर बाजूच्या सड्यावरून खाडी ओलांडून उत्तरेच्या एका सड्यावर जातो. अंतर सुमारे आठ किलोमीटर. ५.८ गिगाहर्ट्झला एवढ्या अंतरात लहरींची शक्ती जवळजवळ १२६ डेसिबलने घटते. नियमाप्रमाणे ५७२५ ते ५८७५ या पट्ट्यात अँटेनेची ताकद धरून एकूण उत्सर्जन ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), एवढेच असावे. समोर ३० डेसिबलची डिश असेल तर हिशेबाने पलीकडे उणे ६० डीबीएमच्या आसपास सिग्नल पोहोचतो, आणि शांत हवेत तेवढा भरपूर होतो. हा हिशेब मुद्दाम देतो आहे, कारण "कायद्यातल्या शक्तीत खाडी ओलांडता येत नाही" असे म्हणणारे बरेच भेटतात. खाडी ओलांडता येते. दोन टोकांमध्ये नुसती नजर पोहोचून भागत नाही, एवढे मात्र खरे. मधल्या टप्प्यावर सरळ रेषेच्या खाली सहा-सात मीटर तरी मोकळी जागा लागते, आणि पावसाळ्यात भिजलेल्या झाडांचे शेंडे तिच्यात आले की दुवा ढासळतो. आमच्या बाजूने आंब्याच्या दोन फांद्या छाटायला मालकाची परवानगी काढणे हे परवान्याइतकेच नाजूक काम होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आणि त्यांवरच्या तारा-केबली आडव्या झाल्या; त्यातच टाळेबंदीमुळे मुंबईहून गावी आलेली मंडळी घरातून कामे करू पाहत होती. बिनतारी जोडण्यांना मागणी वाढली, ती खाडीच्या दोन्ही तीरांवर. पलीकडच्या सेवादात्यांनी नवे मनोरे उभे केले, मीही केले. काही काळ सगळे सुरळीत चालले, आणि मग एका उन्हाळ्याच्या तोंडावर माझा मुख्य दुवा संध्याकाळी लंगडू लागला.

समुद्रालगतच्या दुव्याचे दुखणे ओळखताना एक काळजी घ्यावी लागते. खाडीच्या पाण्यावरून परावर्तित झालेली लहर सरळ आलेल्या लहरीला कधी बळ देते, कधी तिला कापते. पाण्याची पातळी आमच्याकडे उधाणात दोन-तीन मीटरने बदलते, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळेनुसार सिग्नल हेलकावे खातो आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तो बराच स्थिर असतो. अशा वेळी सिग्नल पडतो, पण पार्श्वभूमीचा गोंगाट, ज्याला आम्ही सगळे 'नॉईज'च म्हणतो, तो जागच्या जागी राहतो. इथे उलटे होते. सिग्नल उणे ६० वर ठाम होता आणि नॉईज, जो वीस मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये, म्हणजे एका यंत्राने वापरायच्या पट्ट्याच्या तुकड्यात, एरवी उणे ९५ च्या आसपास असतो, तो उणे ७८ पर्यंत चढला होता. पस्तीस डेसिबलचे अंतर अठरावर आले की यंत्र आपोआप जाड, सावकाश भाषेत बोलू लागते आणि ग्राहकाला मिळणारा वेग निम्म्याच्याही खाली येतो. ग्राहकाला यातले काही दिसत नाही. त्याला मुलीची ऑनलाइन शिकवणी अडकलेली दिसते आणि तो फोन करतो.

घरातला वायफाय बोलण्यापूर्वी हवा ऐकतो आणि कोणी बोलत असेल तर थांबतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. लांब पल्ल्याच्या यंत्रांत ही सवय बहुधा काढून टाकलेली असते. ती आपल्या घड्याळानुसार ठरलेल्या वेळी बोलतात, समोरच्याचे ऐकण्यासाठी थांबत नाहीत. शिवाय खाडीच्या दोन तीरांवर, डोंगरांच्या आड असलेले दोन मनोरे एकमेकांना ऐकू येत नसले, तरी पाण्यावर तोंड करून बसलेल्या तिसऱ्या डिशला दोघेही ऐकू येतात. म्हणून 'आपोआप चॅनेल निवडा' ही सोय इथे उपयोगाची नाही.

मी संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार केली. सोबत स्पेक्ट्रमचे आलेख, वेळांचे तक्ते, दोन्ही मनोऱ्यांची स्थाने जोडली. उत्तर आले ते नियमाला धरूनच होते : पट्टा परवानामुक्त आहे, त्यात व्यत्ययापासून संरक्षणाची तरतूद नाही, उभय सेवादात्यांनी परस्पर समन्वय साधावा. वाचताना राग आला, पण त्या उत्तरात चूक काढता येण्यासारखी नव्हती. मग चिपळूणच्या एका वकिलांचा सल्ला घेतला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, कायद्यात २००० साली झालेल्या दुरुस्तीने दिल्लीत दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरण, म्हणजे टीडीसॅट, स्थापन झाले, आणि दोन सेवादात्यांमधला तंटा तिथे नेता येतो. वकिलांनी एकच प्रश्न विचारला : "तुम्ही तिथे कोणता हक्क मागणार?" चॅनेलवर हक्क सांगता येत नव्हता. समोरचा शक्तीची मर्यादा ओलांडतो आहे, एवढे म्हणता आले असते. परंतु ते सिद्ध करायला त्याच्या मनोऱ्यावरचे मोजमाप हवे, आणि माझ्या डिशवर दिसणाऱ्या नॉईजवरून त्याची शक्ती काढणे म्हणजे अंदाजच. दिल्लीच्या खेपांचा खर्च माझ्या वार्षिक नफ्याशी ताडून पाहिला आणि तो मार्ग सोडला.

आमच्या दोघांनाही यंत्रे पुरवणारे चिपळूणचे एक वयस्क विक्रेते आहेत. दोघेही त्यांना काका म्हणतो. त्यांनी आम्हांला आपल्या दुकानात समोरासमोर बसवले. पलीकडच्या गृहस्थांचे पहिलेच वाक्य असे होते : "साहेब, नॉईज तुमचाच येतो. तुमची डिश माझ्या सेक्टरच्या तोंडावर रोखलेली आहे." सेक्टर म्हणजे एका बाजूच्या अनेक ग्राहकांना सेवा देणारी मनोऱ्यावरची रुंद अँटेना. त्यांच्याजवळही आलेख होते, आणि ते माझ्याइतकेच नीट काढलेले होते. काका म्हणाले, "तुम्ही दोघे एकमेकांच्या आरशात बघून भांडताय. रात्री दोघांनी आळीपाळीने बंद करा आणि बघा."

या कामाची खरी पद्धत हीच आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही कार्यालयाची परवानगी लागत नाही. ग्राहक कमीत कमी असतात अशा पहाटेच्या वेळी आधी त्यांनी आपली सर्व उत्सर्जने बंद करायची आणि मी हवा तपासायची. मग मी बंद करायचे आणि त्यांनी तपासायची. शेवटी दोघांनीही बंद करून दोघांनीही तपासायची. प्रत्येक टप्प्याची वेळ फोनवर बोलून नोंदवायची आणि आलेखांची अदलाबदल करायची. हाच प्रयोग संध्याकाळीही करणे आवश्यक होते; ग्राहकांना आधी संदेश पाठवून आम्ही तोही केला, आणि त्या संध्याकाळी मिळालेल्या शिव्यांचीही दोघांनी प्रामाणिकपणे वाटणी केली.

निष्कर्ष दोघांच्याही अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचे निघाले. त्यांचा एक सेक्टर ऐंशी मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर चालत होता. ५७२५ ते ५८७५ हा पट्टा मुळात दीडशे मेगाहर्ट्झचा, म्हणजे निम्म्याहून अधिक जागा एकाच सेक्टरने अडवलेली. त्यांच्या एका दुव्यावर ३० डेसिबलची डिश होती आणि यंत्राची शक्ती २४ डीबीएम ठेवलेली होती. ३० डेसिबलची डिश शक्ती एका दिशेला हजारपट केंद्रित करते, त्यामुळे ४ वॅटची मर्यादा पाळायची तर यंत्रातून केवळ ४ मिलिवॅट, म्हणजे ६ डीबीएम, सोडावे लागतात. २४ डीबीएम म्हणजे एकूण उत्सर्जन सुमारे अडीचशे वॅट झाले, मर्यादेच्या साठपटीहून अधिक. यात लबाडी होती असे मला वाटत नाही. यंत्र बसवणाऱ्या पोराने सेटिंगमध्ये देशाच्या जागी दुसराच देश निवडला होता आणि शक्तीचा काटा शेवटपर्यंत सरकवला होता. हे किनाऱ्यावर सर्रास चालते. माझा दुवा मर्यादेत होता, पण माझी डिश साधी, कडेला कवच नसलेली होती, आणि तिचा बाजूने गळणारा भाग त्यांच्या सेक्टरवर पडत होता. नेमकी तीच त्यांची तक्रार होती.

तिसरी गोष्ट दोघांच्याही ध्यानात आलेली नव्हती. संध्याकाळच्या प्रयोगात, दोन्ही बाजूंची सर्व यंत्रे बंद असतानाही, काही चॅनेलवर नॉईज चढलेला दिसत होता. मार्च ते मे या काळात जमिनीवरून आलेली गरम, कोरडी हवा समुद्रावरच्या थंड, दमट हवेच्या थरावर पसरते. त्या सीमेवर लहरी खाली वळतात आणि पाण्याला लगटून, पृथ्वीच्या वक्रतेमागे लपायला हव्या होत्या तिथपर्यंत पोहोचतात. किनारपट्टीवर दूर कुठे तरी समुद्राकडे तोंड करून बसलेल्या मनोऱ्यांचा आवाज आम्हांला ऐकू येत होता, आणि त्याचे खापर आम्ही एकमेकांवर फोडत होतो. पाऊस स्थिरावला की तो जातो, हे पुढच्या नोंदींनी दाखवले. त्याच्याशी तडजोड करायला समोर माणूसच नाही. एवढेच करता येते की डिश थोडी खाली, सड्याच्या कडेमागे घ्यावी, म्हणजे समुद्राची बाजू दगडानेच झाकली जाते. मी तसे केले, आणि वाऱ्याचा भारही कमी झाला.

मग करार लिहिला गेला. तो शंभर रुपयांच्या मुद्रांकावर आहे, पण त्याचे बळ मुद्रांकात नाही, सोबत जोडलेल्या तक्त्यात आहे. प्रत्येक मनोऱ्याचे स्थान, डिशची दिशा, ध्रुवीकरण (लहर आडवी की उभी), चॅनेलचा मध्य, रुंदी आणि शक्ती अशी त्याची रचना आहे. खाडीवर तोंड असलेल्या कोणत्याही यंत्राने चाळीस मेगाहर्ट्झहून रुंद चॅनेल घ्यायचे नाही. दोघांनीही ४ वॅटच्या आत राहायचे आणि एकमेकांच्या यंत्रांचे सेटिंग पाहण्याची, बदलण्याची नव्हे, मुभा द्यायची. या शेवटच्या कलमावर सर्वांत जास्त घासाघीस झाली, कारण त्यातून समोरच्याला आपले ग्राहक किती आहेत याचा अंदाज येतो. अखेर केवळ खाडीवरच्या यंत्रांपुरती ती मुभा ठेवली. ज्या दोन सेक्टरांची तोंडे एकमेकांसमोर येत होती ती आम्ही जीपीएसच्या घड्याळावर बांधली, म्हणजे दोघे एकाच क्षणी बोलतात आणि एकाच क्षणी ऐकतात. त्यासाठी दोघांची फ्रेमची, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या एका फेरीची, लांबी आणि ग्राहकाकडे व ग्राहकाकडून जाणाऱ्या वेळेचे प्रमाण तंतोतंत सारखे लागते, आणि यंत्रेही बहुधा एकाच कंपनीची लागतात. इथे काकांचा धंदा झाला, पण तो त्यांनी कमावला होता.

काही दुवे आम्ही खालच्या, ५४७० ते ५७२५ च्या पट्ट्यात हलवले. तिथे शक्तीची मर्यादा कमी आहे आणि यंत्र रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून देते. ५६०० ते ५६५० ही पट्टी आम्ही दोघांनी स्वतःहून वर्ज्य केली, कारण सी-बँडची हवामान रडारे त्याच आसपास चालतात. पोर्तो रिकोमधल्या सान हुआन विमानतळाच्या हवामान रडारला तिथल्या बिनतारी इंटरनेट सेवादात्यांनी कसा उपद्रव दिला आणि अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्यांना कसे दंड केले, हे मी वाचले होते. वादळाच्या वाटेवरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने रडारच्या चित्रात रेघोट्या ओढणे, हे मला तरी पटत नाही. पलीकडच्या गृहस्थांना हे कलम आधी अनावश्यक वाटले. निसर्ग वादळात त्यांचा मनोरा गेला होता, त्याची आठवण मी करून दिली नाही, ती त्यांनीच काढली.

गणपतीच्या दिवसांचे एक कलम वेगळे आहे. चाकरमानी आले की प्रत्येक वाडीतला वापर दुपटी-तिपटीने वाढतो आणि दोघांनाही चॅनेल रुंद करण्याचा मोह होतो. त्या काळापुरते ज्याच्या बाजूच्या वाड्यांत भार जास्त त्याने दुसऱ्याचे वीस मेगाहर्ट्झ उसने घ्यायचे आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर परत करायचे, असे ठरले आहे. आतापर्यंत ते पाळले गेले, एकदा थोड्या कुरकुरीने.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांची जागा घेण्याची व्यवस्था केली आहे आणि त्यातली काही कलमे २०२४ च्या जून-जुलैमध्ये लागू झाली. मनोऱ्यांमधल्या दुव्यांसाठी लागणाऱ्या लहरी लिलावाशिवाय, प्रशासकीय मार्गाने देण्याची सोय त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य दुवा तरी अशा नेमून दिलेल्या वारंवारतेवर न्यावा, असा माझा विचार आहे; शुल्काचे गणित 'क' वर्गाच्या उत्पन्नात बसते का, ते पाहतो आहे. दरम्यान आमच्याच तीरावर, धोपाव्याच्या बाजूला, तिसऱ्या एका सेवादात्याने मनोऱ्यासाठी पाया खणला आहे. त्याची यंत्रे वेगळ्या कंपनीची आहेत आणि आमच्या घड्याळाशी जुळणार नाहीत. आम्ही दोघे धोपाव्याला जाऊन त्याला आमचा तक्ता देऊन आलो. त्याने ऐंशी मेगाहर्ट्झ मागितले आहेत, आम्ही वीस देऊ केले आहेत, आणि काकांच्या दुकानात पुढची बैठक दिवाळीनंतर ठरली आहे.